धोंडसाचा अंदाज

॥ श्री ॥

मांडवी बंदर, रत्नागिरी,
श्रावण वद्य नवमी, शके १८५४

तीर्थस्वरूप सौ. राही आक्का यांचे सेवेशी,

धाकूचा साष्टांग नमस्कार. हा नमस्कार मी खरोखरच हर्णैच्या दिशेला तोंड करून लिहीत आहे. (समोर खिडकी आहे, खिडकीत पाऊस आहे आणि त्या पावसाच्या पलीकडे उत्तरेला कुठेतरी तुमचं अंगण आहे अशी माझी समजूत आहे.) इकडे सर्व ठीक. तिकडचं क्षेम कळावं अशी इच्छा आहे, आणि ती इच्छा सात वर्षांची तुंबलेली आहे. आपण शेवटचे भेटलो तेव्हा तुम्हांला पडसं झालं होतं. ते आता बरं झालं असेल असं धरून चालतो. आमचे साडू केरूभाऊ यांचा गुडघा कसा आहे? तुमची तांबडी गाय तेव्हा गाभण होती. तिच्या वासराला एव्हाना वासरं झाली असतील, त्या सर्वांना माझे आशीर्वाद सांगावेत.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र चुलीत घालायला निघाला असाल, तर जरा थांबा. श्रावणातली चूल, ती ओल्या कागदानं उगाच धुमसेल. शिवाय हे पत्र माझ्याविषयी नाही, मालनविषयी आहे. आणि मालन जितकी माझी मुलगी आहे तितकीच तुमच्या धाकट्या बहिणीची आहे. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. सातवा लागला. जावईबापू मुंबईला गोदीत असतात आणि दर आठवड्याला पत्रातून मला सूचना पाठवतात. (त्यांनी मुंबईत बसून लिहिलेलं 'तिला जिना चढू देऊ नये' हे वाक्य मी दोनदा वाचलं. आमच्या घराला जिना नाही.) मी तिला चुलीपुढे बसू देत नाही. भात-आमटी मला येते. सात वर्षं तेवढ्यावरच काढली. ती स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर पाय पसरून बसते, चिंचेचं बुटुक चोखते आणि मी काय करतो ते बघत राहते.

तर नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या तुळसाकाकीनं आपल्या मांडवावरचं पहिलं मोठं तवसं आणून दिलं. काकडीच ती, पण हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब, पिवळं व्हायला लागलेलं, अंगावर पावसाचे थेंब. मालननं त्याच्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आई याचं धोंडस करायची."

एवढंच म्हणाली. पण तुळसाकाकी लगेच कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळली. "ऐकलंस काय रं धाकू? डोहाळा हाय तो. पुरवला न्हाय तर पोराचा कान फुटतो."

आता तुम्ही म्हणाल, मग त्या काकीनंच का नाही करून दिलं? ती तयार होती. पण मालन नुसतं 'धोंडस' म्हणाली नव्हती, 'आई करायची' म्हणाली होती. म्हणजे ते याच घरात, याच चुलीवर, याच टोपात व्हायला हवं असं मी ठरवलं. (माझं ठरवणं कसं असतं ते तुम्हांला ठाऊक आहे. त्याच्याबद्दल पुढे लिहायचंच आहे, तेव्हा आत्ता कपाळाला आठ्या घालू नयेत.) शिवाय बोटी बंद. जेठ महिन्यात शेवटची आगबोट गेली की आमच्या तिकिटाच्या खिडकीला आतून कडी लागते ती भादव्यापर्यंत. पडाव किनाऱ्यावर झापांखाली पालथे पडलेले असतात. मी रोज कचेरी उघडतो, तिकिटांच्या वह्या ओलीनं चिकटू नयेत म्हणून पानं उलटतो, आणि समुद्राकडे बघत बसतो. समुद्र आणि आभाळ यांच्यामधली रेघ या दिवसांत पुसलेली असते. ती कुठं असेल याचा विचार करता करता अकरा वाजतात. मग घरी येतो. अशा माणसाला धोंडस करायला वेळ नाही असं कोण म्हणेल?

मी तुळसाकाकीकडे गेलो आणि रीतसर विचारलं, "काकी, रवा किती घ्यायचा?"

"अंदाजानं."

"आणि गूळ?"

"तोपण अंदाजानं. रव्याचा अंदाज चुकला तर गुळानं सांभाळायचा."

"आणि गुळाचाच चुकला तर?"

"मग बायकोच्या हातचं न्हाय असं समजायचं आन् खायचं."

आक्का, मी बावीस वर्षं तिकिटं देतो आहे. माझ्या खिडकीपुढे अंदाज चालत नाही. माणूस एक असतो नाहीतर दोन असतो. बोचकं तोलूनच बोटीवर चढतं. तेव्हा मी कचेरीतला सामान तोलायचा काटा घरी आणला. तो आकड्याला टांगायचा काटा, पोती आणि ट्रंका तोलण्यासाठी केलेला. त्याला गुळाचा खडा अडकवला तर तो हलेचना. मोठा खडा अडकवला, तरी नाही. मग अख्खी ढेप टांगली, तेव्हा काटा झोपेतून जागा झाल्यासारखा जरासा थरथरला. मी त्या थरथरीला प्रमाण मानलं आणि ढेप फोडली. दारातून मालन म्हणाली, "बाबा, एवढा गूळ?" मी म्हटलं, "काटा खोटं बोलत नाही." ती चिंच चोखू लागली.

तवसं किसलं. (त्यात माझ्या दोन बोटांची सालं गेली, ती वेचून काढली.) रवा तुपात परतला. गूळ, खोबरं, वेलची, सगळं घालून शिजवलं, टोपाला हळदीची पानं लावून त्यात ओतलं, वर झाकण म्हणून परात ठेवली आणि परातीत निखारे. खाली निखारे, वर निखारे, मधे धोंडस आणि समोर मी. इतकं व्यवस्थित काम माझ्या हातून क्वचितच झालं असेल. फक्त तवसं किसण्यापूर्वी त्याचं देठाकडचं टोक कापून चाखून बघायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते तवसं दिसायला देवासारखं आणि चवीला कारल्याचा सख्खा भाऊ होतं. आधी जिभेला गुळाची मिठी बसे, आणि माणूस निर्धास्त झाला की मागून कडूपणा येई. मी तुळसाकाकीच्या म्हशीपुढे तुकडा धरला. तिनं हुंगलं, मान वर केली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी तिची क्षमा मागितली. मालननं मात्र अख्खा तुकडा खाल्ला. "छान आहे बाबा," म्हणाली, "आणि पोटालाही चांगलं असेल."

मग मी ठरवलं की आधी हात बसवावा, सोप्या पदार्थांनी सुरुवात करावी. नारळाच्या वड्या तर कुठलंही मूल करतं असं सगळे म्हणतात. नारळ खवला, गूळ मोजला (या वेळी वाटीनं, काटा कचेरीत परत पोचवला), दोन्ही एकत्र करून कढई चुलीवर ठेवली आणि ढवळू लागलो. आक्का, ढवळणं ही फार घातक गोष्ट आहे हे तुम्हां बायकांनी आम्हांला कधी सांगितलं नाही. कालथा गोल फिरतो, पुन्हा गोल फिरतो, गुळाचे बुडबुडे फुटतात, बाहेर पागोळ्या गळत असतात, आणि माणूस हळूहळू आपल्या जागेवरून उठून निघून जातो, हात तेवढा मागे ढवळत राहतो. मी कुठे गेलो होतो ते सांगतो. सगुणा ढवळायची तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्यांचा एक ठरावीक आवाज यायचा. पाक पातळ असताना भरभर, मग सावकाश, आणि शेवटी एकेकच बांगडी वाजायची. मी ओटीवर पेपर वाचत बसलेला असायचो आणि त्या आवाजावरून मला कळायचं की आता ती कढई उतरवणार. तेव्हा मला वाटायचं, आपण पेपर वाचतो आहोत. आता लक्षात येतं की मी बांगड्या ऐकत होतो. पेपरातलं एक अक्षर आठवत नाही.

"बाबा, उतरवा," असं मालन दोनदा म्हणाली म्हणे. तिसऱ्यांदा ती पाटावरून उठायला लागली तेव्हा मी परत आलो. तोवर वड्या थापायची वेळ टळून गेली होती. कढईतून निघालं ते मी वरवंट्यानं फोडलं. मालननं एक खडा तोंडात ठेवला, तो दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीपर्यंत पुरला. तुळसाकाकीला दात नाहीत. तिनं एक खडा नेला आणि गोठ्याचं दार वाऱ्यानं आपटतं त्याच्या बुडाशी लावला.

याच सुमाराला सगुणा यायला लागली. घाबरू नका. मी काही अंगारा-धुपाऱ्यातला माणूस नाही. दुपारी जेवून मी ओटीवर चटई टाकून पडतो. पावसाळ्यातली दुपार तुम्हांला ठाऊकच आहे: ना ऊन, ना सावली, सगळं घर तळ्याच्या बुडाशी गेल्यासारखं हिरवट होतं, मांजरसुद्धा हळू चालतं, आणि आपण झोपलो आहोत की जागे आहोत हे आपलं आपल्याला नीट सांगता येत नाही. तशात पाहतो तर सगुणा चुलीपुढे बसलेली. पाठमोरी. अंबाड्यात अबोलीचा वळेसर. मला मुळीच नवल वाटलं नाही. जणू ती मधे सात वर्षं विहिरीवर पाण्याला गेली होती आणि आत्ताच आली. मी विचारलं, "सगुणे, धोंडसात तू काय घालतेस?" तिनं सांगितलं. अगदी नीट, एकेक करून, बोटं मोजून सांगितलं. पण पागोळ्यांचा आवाज इतका होता की मला एक शब्द ऐकू आला नाही. मी म्हटलं, "जरा मोठ्यानं सांग ना," तर माझ्याच आवाजानं मला जाग आली.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर जेवलो. (पोटभर जेवलो, झोप लागायला उशीर नको म्हणून.) ती आली. पुन्हा पाठमोरी. मी विचारायच्या आतच म्हणाली, "आधी त्या पन्हळीतला पाला काढा. पाणी ओटीवर येतंय." उठून बघतो तो खरंच येत होतं, चटईचं टोक भिजलं होतं. पाला काढून हात धुऊन परत पडलो, पण ती गेली होती. जिवंत असतानाही ती अशीच. मी काही महत्त्वाचं विचारायला गेलो की आधी घरातलं एखादं काम पुढे करायची.

दुसरं धोंडस मी त्याच दिवशी संध्याकाळी केलं. त्याची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती आठवली की अजून नाकाला त्रास होतो. तवसं चाखून घेतलं, गोड निघालं. गूळ बेतानं घातला. सगळं जमत आलं आणि ध्यानात आलं की परात मी म्हशीसमोर नेली होती ती तिथंच राहिली. बाहेर धो धो पाऊस. म्हणून पडवीतला पत्र्याचा एक चौकोनी तुकडा, स्वच्छ पुसून, टोपावर ठेवला आणि वर निखारे घातले. तो पत्रा पूर्वजन्मी घासलेटचा डबा होता. निखाऱ्यांची धग लागल्यावर त्याला आपला पूर्वजन्म आठवला. घरभर असा वास सुटला की तुळसाकाकी डोक्यावर इरलं घेऊन आग विझवायला धावत आली. ते धोंडस दिसायला फार सुंदर होतं. मालननं तेही चाखलं. आक्का, या पोरीच्या तोंडून मी अजून 'वाईट' हा शब्द ऐकला नाही. ती एवढंच म्हणाली, "बाबा, हे दिव्यात घालू या."

काल तिसरं केलं. काकीनं आपली तांब्याची परात दिली आणि एक अट घातली, की मी चुलीसमोरून उठायचं नाही आणि बसल्या जागेवरूनही कुठं जायचं नाही. "मनानंपण न्हाय," असं तिनं बोट दाखवून सांगितलं. मी गेलो नाही. करवंट्यांचे निखारे एकसारखे फुलवले, परातीतले तेवढे चिमट्यानं हलवत राहिलो. मालन एकदा सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "कडेनं जास्त ठेवलेत तर?" मी ठेवले. हळूहळू वास यायला लागला. आधी हळदीच्या पानाचा, मग तुपाचा, आणि त्यांच्यामागून तो तिसरा वास, ज्याला नाव नाही. जो फक्त गूळ आणि तवसं यांचं एकमत झाल्यावर येतो. तो वास स्वयंपाकघरातून माजघरात आला, माजघरातून ओटीवर गेला, आणि बाहेर पावसात जाऊन तिथंच थबकला. तुळसाकाकी कुंपणाशी उभी राहिली ती तिथंच भिजत राहिली. मी म्हणेन की घरालासुद्धा तो वास ओळखीचा वाटला.

निवल्यावर कापलं. (गरम कापलं तर मोडतं, एवढं ज्ञान मला आता आहे.) वड्या सुटल्या, कडा खरपूस, आत ओलसर, सोनेरी. हे धोंडस नाही असं कोणी म्हणूच शकलं नसतं. काकी म्हणाली, "झालं की रं!" आणि तिनं चार वड्या पदरात घेतल्या. मी खाल्लं. मालननं खाल्लं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, "काय गं?" तर म्हणाली, "गरम आहे बाबा." ते निवून तास झाला होता.

मी ओटीवर येऊन उभा राहिलो. धोंडस झालं होतं, पण सगुणेचं झालं नव्हतं. काहीतरी एक कमी होतं. मीठ? जायफळ? ताक? ते माझ्या जिभेच्या टोकाशी येऊन उभं राहात होतं आणि नाव विचारलं की पाठ फिरवत होतं. आज दुपारी ती पुन्हा आली. पाठमोरीच. मी विचारलं, "सगुणे, काय राहिलं?" या वेळी पागोळ्या नव्हत्या, पाऊस जरा उघडला होता. तिनं स्पष्ट सांगितलं, "आक्काला विचारा."

बघा म्हणजे! जाऊन सात वर्षं झाली, तरी नवऱ्याला सरळ उत्तर द्यायचं सोडून माहेरच्या माणसांकडे पाठवते.

आक्का, मी चटईवर उठून बसलो आणि माझ्या लक्षात आलं की हे मला तिनं सांगायला हवं होतं असं नाही. तुमच्या आईकडून ते तुम्ही शिकलात आणि तुमच्याकडून सगुणा, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. हर्णैला एक पत्र टाकलं असतं तर एवढी तवशी आणि एवढी ढेप वाया गेली नसती. पण कडू खाल्लं, घासलेटचं खाल्लं, आणि पत्र टाकलं नाही. कारण तुम्हांला पत्र लिहायचं तर त्या तेराव्या दिवसाबद्दल लिहावं लागेल.

तुम्ही त्या दिवशी म्हणालात, "मालनला मी हर्णैला नेते. बारा वर्षांची पोर, घरात बाई नाही." आणि मी म्हणालो, चार माणसांच्या देखत, की तुमच्या अंगणात आधीच पुष्कळ मासळी वाळत घातलेली आहे, त्यात माझ्या मुलीची भर नको. हे वाक्य मी कुठून आणलं ते मला आजवर कळलेलं नाही. तुम्ही उठलात. पाणीसुद्धा न घेता बंदरावर आलात. आणि माझं नशीब असं, की बदली माणूस न मिळाल्यानं बोटीच्या वेळेला खिडकीत मीच होतो. तुम्ही म्हणालात, "हर्णै, एक." मी तिकीट फाडून दिलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत आणि मी तिकिटाकडे पाहिलं. त्या खिडकीतून मी हजारो माणसं रवाना केली असतील; पडाव बोटीच्या शिडीला लागेपर्यंत मी उभा राहून पाहिला तो तेवढा एकच. तुम्ही डोक्यावरून पदर घट्ट ओढून बसला होतात. हाक मारायला पुष्कळ वेळ होता. मी मारली नाही.

ते मी बोलायला नको होतं. हे लिहायला मला सात वर्षं आणि तीन धोंडसं लागली.

असो. तर सगुणा धोंडसात काय घालायची, तेवढं कृपा करून कळवावं. केरूभाऊंना नमस्कार. घरातल्या लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना दंडवत, आणि तुमचा राग अजून शिल्लक असेल तर त्यालाही माझा नमस्कार. त्याचं वय आता मान देण्याइतकं झालं आहे.

आपला,
धाकू

ताजा कलम: उत्तरात कृपया 'अंदाजानं' हा शब्द लिहू नये. तो मला पुरेसा मिळाला आहे. विचार करता असंही वाटतं की तुमचा अंदाज पाकिटात मावायचा नाही. तो हातात असतो आणि हाताबरोबरच प्रवास करतो. बोट पुढच्या आठवड्यात सुरू होते. पहिली बोट दर वर्षी जरा डोलते, पण दुसरी चांगली असते. मी दोन्हींच्या वेळेला धक्क्यावर असेन.

दुसरा ताजा कलम: पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून हे लिहितो आहे. धोंडसात काय घालायचं ते नाही कळलं तरी चालेल. सगुणेच्या दुसऱ्या खेपेला तुम्ही म्हणाला होतात, तिला बाळंतपणाला हर्णैला पाठव, आमची सुईण हाताची चांगली आहे. मी म्हटलं, इथं काय कमी आहे? माझ्या जेवणाचे हाल होतील एवढंच माझ्या मनात होतं, दुसरं काही नव्हतं. त्याच बाळंतपणात ती गेली. तेराव्या दिवशी मी जे तुमच्यावर फेकलं ते खरं म्हणजे मला स्वतःला मारायचं होतं. तुम्ही जवळ उभ्या होतात. आता मालनचे दिवस भरत येतील. मी तिला विचारलं, तुला भीती वाटते का? ती म्हणाली, मुळीच नाही. तेव्हा तिची चिंता नाही, ती धीराची आहे. भीती मला वाटते. या घरात एक बाईमाणूस हवं, आणि ते तुम्ही हवं. न्यायचं असेल तर तिला हर्णैला न्या. मी तिकीट देईन आणि पाठोपाठ स्वतःही येईन.

मावशी, हे पुढचं मालन लिहिते आहे. बाबांनी पाकीट टपालात टाकायला तुळसाकाकीकडे द्यायला सांगितलं, त्याचा डिंक अजून ओला होता, म्हणून उघडून वाचलं. रागावू नकोस. धोंडस मला येतं. आईनं मला शिकवलं होतं, परातीतले निखारे मीच हलवायचे. ती त्यात काही वेगळं घालायची नाही. पण बाबांना हे सांगू नकोस. आई गेल्यापासून त्यांनी तिचं नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि हे नऊ दिवस ते चुलीपुढे बसून सारखं 'सगुणा असं करायची, सगुणा तसं करायची' करतायत. मग मी मधे कशाला बोलू? म्हणून जे पुढ्यात आलं ते खाल्लं. गोडाचा आता मला अगदी कंटाळा आला आहे. येताना तुझ्या अंगणातली सुकट आण, भरपूर आण, मला तिचंच स्वप्न पडतं.

आणि मावशी, भीती वाटत नाही असं मी बाबांना सांगितलं, कारण विचारताना ते विझलेली चूल फुंकत बसले होते. मला वाटते. तू पहिल्याच बोटीनं ये.